तांड्यातील वार्धक्य आणि नियोजनाची दृष्टी
(कार्यकर्त्यांपुढील भाषणाचा मजकूर)



वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे स्थान. रामनवमीच्या यात्रेला देशाच्या अनेक प्रांतांतून बंजारा भाविक येथे लोटतात. अलीकडे ह्या तीर्थासाठी शेकडो कोटी रुपयांचा विकास आराखडा आखला गेला. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटनही झाले. एका उपेक्षित समाजाचा इतिहास जतन व्हावा, ह्यात वावगे काहीच नाही. परंतु ज्या जीवनाचे दर्शन संग्रहालयात घडते, ते जीवन प्रत्यक्ष जगलेली माणसे तांड्यातांड्यांतून म्हातारी होत आहेत. त्यांच्या वार्धक्याचे नियोजन कोणत्या आराखड्यात आहे?

तांडा गावापासून दूर का, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर वाहतूक करणारा हा समाज. रेल्वे आली, मिठावर इंग्रज सरकारचा ताबा बसला आणि हा धंदा बुडाला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची झळ ठिकठिकाणी त्याला लागली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी संशय एका दिवसात रद्द होत नाही. वस्ती झाली ती गावाबाहेर, माळरानावर. परिणामी रेशनचे दुकान, बँक, दवाखाना, एस. टी.चा थांबा हे सारे बहुधा गावात आणि माणसे तांड्यात. तरण्या पायांना हे अंतर जाणवत नाही. सत्तरीच्या पायांना मात्र तीच भिंत होते.

त्यात स्थलांतराची भर. दिवाळी उलटली की विदर्भ-मराठवाड्यातील अनेक तांड्यांतून धडधाकट जोडपी ऊसतोडीला निघतात. कोणी मुंबई-पुण्याला बांधकामावर जातात. मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या हवाली केलेली नातवंडे. ज्यांना आधार हवा, त्यांच्यावरच आधार देण्याचे काम पडते.

सरकारी योजना नाहीत असे कोणी म्हणणार नाही. श्रावणबाळ योजनेचे मासिक अनुदान २०२३ साली १,००० रुपयांवरून १,५०० रुपये झाले. पण पात्रतेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा होती २१,००० रुपयांची, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये! इतक्या उत्पन्नावर जगणाऱ्याने आपली निराधारता दाखल्यांनिशी सिद्ध करावी, तहसीलला खेटे घालावेत आणि मग पैसे काढण्यासाठी बँकेच्या दारात दिवस मोडावा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एस. टी.चा प्रवास मोफत झाला. निर्णय चांगलाच, पण जिथे गाडीच जात नाही त्या तांड्याला त्याचा उपयोग काय? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याला किमान १५० जणांचे वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. ज्याचे कोणीच नाही त्याला तो आसरा हवाच. मात्र जन्मभर नायक-कारभाऱ्यांच्या तांड्यात, गोरबोलीत बोलत वाढलेल्या माणसाला तेथून उपटून जिल्ह्याच्या ठिकाणी नेणे हे वार्धक्याचे नियोजन नव्हे.

नियोजन म्हणजे माणूस जिथे आहे तिथेच त्याला मानाने म्हातारे होता यावे, अशी वस्तीची रचना. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली वृद्धस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. घर, रस्ता, वाहन, दवाखाना, समाजातील सहभाग ह्यांचा तीत एकत्र विचार आहे. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातील १० कोटी ३८ लाख वृद्धांपैकी सुमारे ७१ टक्के खेड्यांत होते. तेव्हा हा विचार शहरापुरता ठेवून चालणार नाही. केरळने वाट दाखविली आहे. तेथे १९८० साली शेतमजुरांना निवृत्तिवेतन सुरू झाले. मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यांच्या गटांनी अंथरुणाला खिळलेल्यांची घरी जाऊन शुश्रूषा करण्याची पद्धत रुजविली. २००८ साली राज्याने तिला धोरणाचे रूप दिले आणि पंचायतींना त्यात सहभागी करून घेतले. लोकांनी आरंभ केला, शासनाने जबाबदारी उचलली, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

हेच तांड्यात का होऊ नये? मागण्या साध्या आहेत. तांड्यापर्यंत बारमाही रस्ता आणि एस. टी.ची फेरी. घराजवळ नळ आणि म्हाताऱ्यांना वापरता येईल असे शौचालय. अनुदानाचे पैसे ठरलेल्या दिवशी तांड्यातच हाती पडण्याची व्यवस्था. आरोग्य उपकेंद्राची ठरलेल्या वारी फेरी, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांसह. आणि हंगामात सामाईक स्वयंपाकघर. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांतून गावातच जेवण देण्याची योजना राज्यात राबविली गेली आहे. त्याच चुलीवर आजी-आजोबांची भाकरी भाजणे अशक्य नाही. हे काम तांड्यातल्याच स्त्रियांना मजुरी देऊन करवून घ्यावे. शेजारधर्माच्या नावाखाली त्यांच्यावर फुकटचे ओझे टाकू नये.

ह्यासाठी नवे खाते नको. ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा ग्रामसभेतच ठरावयाचा असतो. पण तांडा जर गट-ग्रामपंचायतीचा शेपूट असेल, तर त्या सभेत त्याचा आवाज उमटत नाही. कार्यकर्त्यांचे काम येथून सुरू होते. प्रथम तांड्यातील साठीपुढच्या प्रत्येक व्यक्तीची नोंद करावी: अनुदान मिळते की नाही, घरी कोण असते, पाणी किती लांब आहे. ती यादी आणि म्हातारी माणसे, दोन्ही ग्रामसभेत न्यावीत. ठराव लिहून घेतल्याखेरीज उठू नये आणि त्या ठरावाची प्रत घेऊन पंचायत समितीचा पाठपुरावा करावा.

यात्रेकरूंसाठी रस्ते रुंद होऊ शकतात, तर तांड्यातल्या म्हाताऱ्यांसाठी एक पायवाट पक्की होऊ शकते. पैसा नाही, हे उत्तर निदान पोहरादेवीच्या परिसरात तरी कोणाला देता येणार नाही.