सूत्रकृमीच्या बीजपेशीतला पहारा

बारामती-इंदापूर पट्ट्यात डाळिंबाचं झाड पिवळं पडून वाढ खुंटली, की जाणता शेतकरी आधी मुळी उकरून पाहतो. मुळीवर गाठी दिसल्या म्हणजे सूत्रकृमी लागले. आज मी त्यांच्या एका निरुपद्रवी भावंडाबद्दल बोलणार आहे. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हे त्याचं नाव. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. कुजक्या फळांवरच्या जिवाणूंवर तो जगतो.

१९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी दाखवून दिलं, की या कृमीला दुपेडी आरएनए टोचला तर त्याच्याशी जुळणारं जनुक गप्प होतं. पेशी त्या आरएनएचे बारीक तुकडे करते आणि ते तुकडे जुळणारा संदेश हेरून बंद पाडतात. २००६ चं नोबेल दोघांना याच शोधासाठी मिळालं.

मला मात्र खरी नवलाई वाटते ती बीजपेशींची, म्हणजे ज्यांतून अंडी आणि शुक्राणू तयार होतात त्या पेशींची. तिथे पाय-आरएनए नावाचे अवघ्या २१ अक्षरांचे तुकडे गस्त घालतात आणि परक्या, जागा बदलत फिरणाऱ्या जनुकांना गप्प करतात. दोन-चार अक्षरं जुळली नाहीत तरी त्यांचं अडत नाही, म्हणून नवा घुसखोरही सुटत नाही. पण मग घरची जनुकंही त्यांच्या तडाख्यात यायची! शिवाय एकदा आलेलं हे मौन अनेक पिढ्या उतरू शकतं.

वाचवतं ते सीएसआर-१ हे प्रथिन. गप्प करणाऱ्या प्रथिनांच्याच कुळातलं. बीजपेशीत चालू असलेल्या जनुकांशी जुळणारे छोटे आरएनए ते जवळ बाळगतं. त्या जनुकांची नावं जणू सातबाऱ्यावर चढलेली असतात. दुसरी खूण डीएनएतच असते: पुष्कळशा बीजपेशी-जनुकांत साधारण दर दहा अक्षरांनी ए किंवा टी या अक्षरांचे झुबके येतात. असे झुबके जोडले तर बाहेरून घातलेलं जनुकही बोलतं राहू शकतं, हे २०१६ मध्ये सिद्ध झालं.

मुळीवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीत पाय-आरएनएची गस्त नाहीच. त्याच्या पूर्वजांनीच ती गमावली. छोटे आरएनए मात्र त्याच्याकडेही आहेत. २००६ मध्ये अमेरिकेत अरॅबिडॉप्सिसच्या रोपात सूत्रकृमीच्या एका जनुकाविरुद्धचा दुपेडी आरएनए तयार करवला, तेव्हा मुळांवरचा प्रादुर्भाव खूप घटला. तो प्रयोगशाळेतला प्रयोग होता, दुकानातलं औषध नव्हे. गाठीतली एक मादी शेकडो अंडी घालते. गस्तच नसताना तिच्या बीजपेशी आपलं आणि परकं कसं ओळखतात, हा प्रश्न इथल्या महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी हाती घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी लागणारी मुळी इंदापूरच्या बागेत मिळेल.