मका थोडा भुकेला ठेवा
(नाचणी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या शिबिरातील भाषण)



आपली नाचणी-वरई डोंगरउताराची. पावसात माती वाहून जाते, पिकाला स्फुरद पुरत नाही. तिथे मायकोरायझा बुरशी उपयोगी पडते. ती मुळात शिरते आणि तिचे तंतू दूरच्या मातीतलं स्फुरद आणून देतात. बदल्यात झाड तिला साखर देतं.

ही बुरशी शेणखताच्या ढिगात वाढत नाही. तिला जिवंत मूळच लागतं. म्हणून आपण हरितगृहात मका लावतो. वाळू-माती वाफवून, थंड करून कुंड्या भरायच्या. बियाण्याच्या दोन बोटं खाली बुरशीचं विरजण घालायचं.

पहिल्या वर्षी मीच चुकलो. मका पिवळट दिसला, मला राहवलं नाही, डीएपी टाकलं. मका हिरवागार झाला, सगळ्यांनी कौतुक केलं. पण सूक्ष्मदर्शकाखाली मुळं पाहिली, तर बुरशी नावालाच! आयतं स्फुरद मिळालं की झाड बुरशीला विचारत नाही.

फेब्रुवारीत पेरा. 3 महिन्यांनी पाणी तोडा, 10-15 दिवस मका सुकू द्या. मग मुळं बारीक कापून त्याच मातीत मिसळा आणि सावलीत कोरडी ठेवा. जूनमध्ये नाचणीचं रोप टाकताना हीच माती बियाण्याखाली पसरा. कोबी-मोहरीला मात्र तिचा उपयोग नाही.

एक कुंडी राखून ठेवा. पुढच्या वर्षी विरजणासाठी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.