नदीविना नगर आणि नावेची वाट

बंगळूर शहराला नदी नाही, असे सर्रास म्हटले जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर, जलविभाजक कण्यावर हे नगर वसले आहे. येथे पडलेला पाऊस पश्चिमेकडे वृषभावती व अर्कावती यांच्या मार्गाने कावेरीला मिळतो, तर पूर्वेकडे दक्षिण पिनाकिनीकडे वाहतो. हे पाणी अडविण्यासाठी पूर्वजांनी उतारावर तलावांची साखळी बांधली. वरचा तलाव भरला की सांडव्याचे पाणी कालव्यातून खालच्या तलावात उतरे. या कालव्यांना कानडीत 'राजकालुवे' म्हणतात. १५३७ साली केंपेगौडाने नगर वसविले तेव्हा, आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले तेव्हाही, नगराचे जीवन पावसावर आणि अशा तलावांवरच अवलंबून होते.

तलावाचे खरे दर्शन काठावरून होत नाही. त्यासाठी वल्ह्याची लहान नाव हवी. तिला आवाज नाही, वेग नाही, आणि बसलेला माणूस पाण्याच्या पातळीजवळ असतो. म्हणून पायी येणाऱ्याला पाहून उडणारे पक्षी नावेला बरेच जवळ येऊ देतात. पाणवनस्पतींच्या कडेला जांभळी पाणकोंबडी लांब बोटांनी देठ धरून सोलताना दिसते. कमळपक्षी पानांवरून चालतो. टिबुकली बुडी मारते आणि भलत्याच ठिकाणी वर येते. हळदीकुंकू बदकांची जोडी संथपणे बाजूला सरते, आणि पंख वाळवीत बसलेला पाणकावळा जागचा हलतही नाही.

परंतु एका तलावातून दुसऱ्यात नाव नेऊ पाहणाऱ्याची वाट आज अडते. बऱ्याच कालव्यांवर बांधकामे झाली. उरलेल्यांतून सांडपाणी वाहते. साडेतीनशे हेक्टरांहून मोठ्या बेळ्ळंदूर तलावात साबणयुक्त सांडपाणी साचले. ते सांडव्यावरून कोसळताना घुसळले जाऊन फेसाचे ढीग रस्त्यावर आले. २०१५ साली त्या फेसाने पेट घेतला. जानेवारी २०१८ मध्ये तलावात पुन्हा आग लागली, तेव्हा ती विझविण्यास लष्कराचे जवान आले. पाणी पेटते, हे पुराणात शोभणारे वर्णन येथे प्रत्यक्षात उतरले.

गमतीची गोष्ट अशी की, अशा घाण पाण्याच्या कडेलाही शेकाट्या लांब तांबड्या पायांवर उभा राहून किडे टिपतो. तो दिसला म्हणजे पाणी निर्मळ आहे, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पाहणाऱ्याने पक्षी मोजावेत, तसेच कोणते पक्षी नाहीत याचीही नोंद घ्यावी.

याउलट चित्र कावेरीवर दिसते. शहरापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, श्रीरंगपट्टणजवळ रंगनतिट्टू आहे. डॉ. सालीम अली यांच्या सूचनेवरून १९४० साली तेथे पक्षी अभयारण्य झाले आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. वल्हवलेल्या नावेतून बेटांवरची चित्रबलाकांची व चमचा पक्ष्यांची घरटी दिसतात, आणि खडकावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. कावेरीवर हरिगोलूही चालते. बांबू विणून केलेली ही टोपलीसारखी गोल होडी. विजयनगरला आलेल्या पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पायिसने सोळाव्या शतकात अशाच होड्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे.

ही दोन चित्रे वेगळी नाहीत. १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपाने चढवून बंगळूरला आणले जाते. वापरून झाल्यावर त्याचा एक भाग वृषभावतीतून अर्कावतीत आणि संगमावर पुन्हा कावेरीतच जातो. शहर नदीकडून उसने घेते आणि परतफेड मैल्याने करते.

हे ऋण फेडणे अशक्य नाही. जक्कूर तलावात शुद्धीकरण केंद्रातून आलेले पाणी आधी पाणवनस्पतींच्या दलदलीतून जाते आणि मग तलावात उतरते. तेथे पाणकोळी उतरतात आणि कोळी जाळी टाकतात. बंगळूरला नदी नाही, हे अर्धसत्य आहे. नदी दररोज नळातून घरात येते. तिला परत जाण्याची वाट मात्र स्वच्छ राखली पाहिजे.