गोळी कुटण्याआधी पाकीट बघू या



घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मोठी गोळी गिळवत नाही, म्हणून आपण ती कुटून पाण्यातून देतो. काही गोळ्यांना ते मुळीच चालत नाही.

शुगरची मेटफॉर्मिन घेऊ. साधी गोळी पोटात लवकर विरघळते. दुसरीच्या पाकिटावर नावापुढे इंग्रजीत एसआर, ईआर किंवा एक्सआर असतं. ती सावकाश काम करते.

सब्जा भिजवला की त्याभोवती बुळबुळीत थर येतो ना, तसंच इथे होतं. अशा बऱ्याच गोळ्यांत हायप्रोमेलोज नावाचा पदार्थ असतो. पोटात ओलावा लागला की तो फुगतो आणि त्याचं जेल होतं. यालाच हायड्रोजेल म्हणतात. त्यातून औषध थोडं थोडं झिरपत कित्येक तास अंगात जात राहतं.

गोळी कुटली किंवा चावली, की सगळं औषध एकदम सुटतं. मळमळ, जुलाब होतात. बीपीच्या अशा गोळीने तर दाब एकदम उतरून माणूस कोसळू शकतो.

कधी शौचात गोळीसारखं मऊ काही दिसतं. औषध अंगात गेलेलं असतं, उरलेलं टरफल तेवढं बाहेर पडतं.

गिळणं जमत नसेल तर आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. पाकीट घेऊन डॉक्टरांना विचारायचं. साधी गोळी किंवा पातळ औषध देता येतं का, ते बघतात.

येत्या बैठकीला बचतीच्या पुस्तकासोबत घरातली पाकिटंही आणू या. एकमेकींना वाचून दाखवू.