फिलिपाइन्समधील नाताळ : विहीणबाईंच्या घरचा पाहुणचार

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशातील एखाद्या सणाविषयी बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी काही वक्ती नव्हे. परंतु माझी सून फिलिपाइन्सची, हे तुम्हां सर्वांना ठाऊकच आहे. २०२३ च्या डिसेंबरात मी तिच्या माहेरी तीन आठवडे राहून आले. पांपांगा प्रांतातल्या सान फेर्नांदो शहराजवळ त्यांचे गाव आहे. तिथे जे पाहिले तेवढेच सांगते.

फिलिपाइन्स म्हणजे सात हजारांवर बेटांचा देश. १५६५ पासून १८९८ पर्यंत तिथे स्पेनचे राज्य होते. त्या काळात बहुतेक लोक ख्रिस्ती झाले, आणि नाताळ हा त्यांचा घरोघरचा सण बनला. नाताळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येते. पण तिथे हवा आपल्या कोकणासारखी. पहाटे एक पातळ शाल पुरते. आणि या सणाची चाहूल लागते कधी, तर सप्टेंबरात! ज्या महिन्यांच्या नावाच्या शेवटी 'बर' येतो, ते सगळे नाताळचे महिने, असा तिथला हिशेब.

दारोदार 'पारोल' टांगलेले असतात. पारोल म्हणजे बांबूच्या कामट्यांचा आणि रंगीत कागदाचा चांदणीच्या आकाराचा कंदील. आपल्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊच म्हणा. सान फेर्नांदो तर या कंदिलांचे माहेरघर. तिथे वस्त्यावस्त्यांमध्ये चढाओढ लागते. एकेक कंदील दुमजली घराएवढा, त्यात हजारो दिवे, आणि ते दिवे बँडच्या तालावर उघडमीट करतात. ही करामत कशी होते, म्हणून मी मागे जाऊन पाहिले. पत्र्याची मोठी पिंपे माणसे हाताने फिरवत होती. पिंपांवर चिकटपट्ट्या लावलेल्या, आणि विजेच्या तारांच्या टोकांना चक्क आपल्या केसांत खोवायच्या पिना! पिन पत्र्याला टेकली की दिवा लागतो, पट्टीवर आली की विझतो. आपल्या पिनांचा असा उपयोग मी जन्मात पाहिला नव्हता.

१६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेची प्रार्थना असते. तिला 'सिंबांग गाबी' म्हणतात. उजाडण्यापूर्वी शेतावर जाणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ही वेळ ठरली, असे सांगतात. नऊही दिवस न चुकवता गेले, तर मनातली इच्छा पुरी होते अशी श्रद्धा आहे. विहीणबाई साडेतीनला उठत. मीही त्यांच्याबरोबर जाई. पहाटेच्या काकड आरतीची सवय असलेल्या बाईला त्यात काय जड?

प्रार्थना सुटली की देवळाबाहेर खाण्याची दुकाने. तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध यांची 'बिबिंका' मातीच्या भांड्यात केळीच्या पानावर ओततात. खाली निखारे, वर झाकणावरही निखारे. नाव गोव्याच्या बेबिंकेसारखे, पण पदार्थ निराळा. ही थरांची नसते, आपल्या केकसारखी फुगते. दुसरा पदार्थ 'पुतो बुंबोंग'. जांभळ्या तांदळाचे पीठ बांबूच्या नळीत भरून वाफवायचे आणि वर गूळ-खोबरे घालायचे. सोबत आल्याचा गरम काढा. बिबिंकेवर खारवलेले अंडे घालतात. माझ्यासाठी विहीणबाई न विसरता बिनअंड्याची करून घेत.

घरात शिरताना लहान मुले वडीलधाऱ्यांचा हात धरून आपल्या कपाळाला लावतात, 'मानो पो' म्हणतात. माझाही हात असा किती चिमुकल्या कपाळांना लागला! भाषा येत नव्हती, पण नमस्काराला भाषा लागत नाही.

२४ तारखेच्या मध्यरात्री प्रार्थनेहून परतल्यावर सारे घर एकत्र जेवते. याला 'नोचे बुएना' म्हणतात. त्या जेवणाला आमच्या घरी एक माणूस कमी होते. सूनबाईंची धाकटी बहीण हाँगकाँगला एका कुटुंबात घरकाम करते, त्यांची मुले सांभाळते. तिची स्वतःची आठ वर्षांची मुलगी आजीजवळ वाढते. दोन वर्षांचा करार. त्या डिसेंबरात रजा काही मिळाली नाही. सरकारी पाहणीप्रमाणे तिच्यासारखे वीस लाखांवर फिलिपिनो परदेशी नोकरीला आहेत, आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत.

ती नाही, पण तिची पेटी आली होती. पुठ्ठ्याचा मोठा खोका, जहाजाने आलेला. आत साबण, कॉफी, टॉवेल, बूट, डबाबंद खाणे, आणि मुलीसाठी निळा फ्रॉक. फ्रॉक बाह्यांत आखूड झाला. आईने अंदाजाने घेतला होता, आणि पोर तेवढ्यात वाढली होती. विहीणबाईंनी काही न बोलता रात्रीत शिवण उसवून बाह्यांना पट्टी जोडली. मध्यरात्री फोनवर आईची छबी दिसली. मुलीने फ्रॉक घालून एक गिरकी घेतली आणि म्हणाली, अगदी बरोबर बसला. आजी दुसरीकडे बघत राहिल्या.

भगिनींनो, त्या देशात एक कायदा आहे, तो मला फार आवडला. १९७५ पासून तिथे नोकरदारांना वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिन्याचा जादा पगार, २४ डिसेंबरच्या आत द्यावाच लागतो. घरकाम करणाऱ्या बाया प्रथम त्यात नव्हत्या. २०१३ च्या कायद्याने त्यांनाही हा हक्क मिळाला, शिवाय आठवड्यातून पूर्ण एक दिवस सुटी. आपली एक मुलगी परमुलखात राबते, म्हणून विहीणबाई आपल्या घरच्या कामवालीला २३ तारखेलाच पैसे देऊन घरी पाठवतात. "हिच्याही घरी ताट मांडायचे आहे," एवढेच त्या म्हणाल्या. नोचे बुएनाची भांडी आम्ही साऱ्या बायकांनी मिळून घासली.

आता आपल्याकडे वळते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्या घरी पाहुणे असतात, भांड्यांचा ढीग असतो, आणि म्हणून नेमक्या त्याच दिवशी "तू जरा लवकर ये" असे आपण बाईंना सांगतो. तिच्या घरीही लक्ष्मी यायची असते, तिचीही मुले वाट पाहत असतात. जुनी साडी आणि फराळाची पुडी यांवर तिची दिवाळी आपण भागवतो.

माझी मंडळाला दोनच गोष्टींची विनंती आहे. दिवाळीपूर्वी एक महिन्याचा जादा पगार आणि लक्ष्मीपूजन व भाऊबीज अशी दोन दिवस पगारी रजा, हा नियम आपण सभासदांनी आपापल्या घरी सुरू करावा. हे एकटीने केले तर शेजारीण रागावते. साऱ्यांनी मिळून केले तर तो रिवाज होतो. पुढील सभेत हा ठराव मांडावा, असे मी अध्यक्षाबाईंना सुचवते. भांड्यांची काळजी करू नका. दोन दिवस आपण मिळून घासू, गप्पाही होतील.