जाळे देशाचे, जोखीम कोणाची?

(गुंतवणूक या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



महामार्गाच्या कडेला चर खणून त्यांत नळ्या पुरल्या जाताना आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. त्या नळ्यांतून केसाएवढ्या जाडीचे काचेचे तंतू ओढले जातात. त्या तंतूंतून प्रकाश धावतो आणि त्या प्रकाशाच्या पाठीवर बसून तुमचा आमचा शब्द, चित्र आणि पैसा क्षणार्धात देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचतो. हे दृश्य पाहून सामान्य गृहस्थाच्या मनात एक सरळ विचार येतो. हे जाळे गावोगाव पसरणार हे तर नक्की. मग जाळे विणणाऱ्या कंपनीचे शेअर घेऊन ठेवले, तर घरबसल्या पैसा दुप्पट का होऊ नये? आज मला या सरळ वाटणाऱ्या विचारासंबंधी बोलावयाचे आहे.

चळवळीत आयुष्य घालवलेल्या संपादकाने शेअर बाजारावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु शहापूर-वडगावच्या विणकराची, उद्यमबागेतल्या कामगाराची, निपाणीच्या विडी कामगार भगिनीची आणि निवृत्त शिक्षकाची काटकसरीने साठवलेली पुंजी हा सार्वजनिक प्रश्नच आहे. ही पुंजी काल सोन्यात, भिशीत, पतसंस्थेत होती. आज ती मोबाइलच्या पडद्यावरून शेअर बाजाराकडे निघाली आहे. तिने त्या वाटेने जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. देशातील उद्योगांत मूठभर श्रीमंतांनीच भागीदार व्हावे आणि बाकीच्यांनी केवळ व्याजावर समाधान मानावे, हा कोणता न्याय? पण भागीदार होणे वेगळे आणि मेंढरू होणे वेगळे. आज मी अमुक शेअर घ्या किंवा विका, असे सांगण्यास उभा नाही. घेण्यापूर्वी काय विचारावे, एवढेच सांगणार आहे.

माझे मुख्य म्हणणे एका वाक्यात मांडतो. एखादी गोष्ट देशाला आवश्यक आहे, तेवढ्यावरून ती उभारणाऱ्या कंपनीच्या भागधारकाला लाभ होईलच, असे सिद्ध होत नाही.

याला इतिहासाची साक्ष आहे. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून कंपन्यांचे पेव फुटले. बॅक बेचा समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांवर गेला. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला आणि शहरातली मोठमोठी घराणी धुळीस मिळाली. बँक ऑफ बॉम्बेसारखी पेढीही त्या धक्क्यातून सावरली नाही. आता पाहा, समुद्र हटवण्याची कल्पना खोटी होती काय? मुळीच नव्हती. विसाव्या शतकात मुंबईने तेथे समुद्र हटवलाच. आज मरीन ड्राइव्ह त्याच भरावावर उभा आहे. कल्पना खरी ठरली, पण पन्नास हजारांना भाग घेणारा बुडाला तो बुडालाच.

काचतंतूच्या बाबतीतही हेच एकदा घडून गेले आहे. २००० सालच्या आसपास इंटरनेटची भरती आली, तेव्हा समुद्राच्या तळाशी तंतू टाकण्याची जगभर शर्यत लागली. काचतंतू बनवणाऱ्या कॉर्निंग या नामांकित अमेरिकन कंपनीचा शेअर शंभर डॉलरच्या वर चढला आणि २००२ साली दोन डॉलरच्याही खाली उतरला. ग्लोबल क्रॉसिंग ही केबल कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. टायको कंपनीने अब्जावधी डॉलर ओतून घातलेले सुमारे साठ हजार किलोमीटरचे जाळे मुंबईच्या विदेश संचार निगमाने, म्हणजे तेव्हा टाटांच्या हाती आलेल्या व्हीएसएनएलने, अवघ्या तेरा कोटी डॉलरना विकत घेतले. तंतू तेच होते आणि प्रकाशही तोच होता. ज्याने ते भारी दराने घातले तो खड्ड्यात गेला आणि ज्याने स्वस्तात उचलले त्याच्या हाती दौलत आली.

आता आपल्या देशाकडे येऊ. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना काचतंतूने जोडण्याची योजना मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. पहिला संकल्प असा होता, की २०१३ अखेर काम पुरे व्हावे. प्रत्यक्षात पहिल्या एक लाख पंचायतींचा टप्पा २०१७ च्या डिसेंबरात पार पडला. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण मंजूर झालेला आकडा, निघालेली निविदा, मिळालेले काम, पाठवलेला माल आणि हाती आलेला पैसा या पाच निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या आणि पाचवीच्या दरम्यान कधी कधी वर्षे लोटतात. शेअर बाजार मात्र पहिली गोष्ट ऐकताच पाचवीचा भाव लावून मोकळा होतो!

या विधानाचे जिवंत उदाहरण याच राज्याच्या राजधानीत आहे. बेंगळुरूची तेजस नेटवर्क्स ही कंपनी २००० साली स्थापन झाली. तंतूंतून प्रकाशाच्या रूपाने संदेश पाठवणारी यंत्रे ती स्वतःच्या संशोधनातून बनवते. जून २०१७ मध्ये तिने जनतेला २५७ रुपयांनी शेअर दिला. २०१८-१९ साली तिला १४७ कोटींचा नफा झाला. लगेच पुढच्या वर्षी २३७ कोटींचा तोटा! यंत्रे रातोरात बिघडली होती काय? नव्हे. तिचे एक मोठे गिऱ्हाईक सरकारी बीएसएनएल हे होते, आणि बीएसएनएलचीच स्थिती अशी झाली होती, की २०१९ साली केंद्राला तिच्या पुनरुज्जीवनाची योजना आणावी लागली. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या भयाने सगळाच बाजार कोसळला तेव्हा, तेजसचा शेअर पन्नास रुपयांच्याही खाली गेला.

पुढे २०२१ साली टाटा समूहाने ही कंपनी घेण्याचे ठरवले आणि इतर भागधारकांना खुल्या प्रस्तावात भाव देऊ केला २५८ रुपये. म्हणजे चार वर्षे जीव मुठीत धरून बसलेल्या पहिल्या भागधारकापुढे खुला प्रस्ताव आला तो एका रुपयाच्या वाढीचा! ऑगस्ट २०२३ मध्ये बीएसएनएलच्या ४-जी मनोऱ्यांच्या यंत्रसामग्रीचे ७,४९२ कोटी रुपयांचे काम तिला टीसीएसमार्फत मिळाले. बाजाराला उधाण आले. २०२४ च्या उन्हाळ्यापावसाळ्यात शेअर १,४०० रुपयांच्या पलीकडे गेला. २०२४-२५ साली विक्री ८,९२३ कोटींवर आणि नफा ४४६ कोटींवर पोहोचला. पण ते मोठे काम उरकत आले, नवे काम लांबले आणि २०२५ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत विक्री उतरली २०२ कोटींवर. तोटा १९४ कोटी. पुढच्या तिमाहीत तोटा ३०० कोटींच्या वर गेला. वर्ष संपता संपता शेअर पाचशेच्या खाली होता.

हे आकडे कंपनीची निंदा करण्यासाठी मी सांगत नाही. अशी यंत्रे स्वदेशात बनवणारी संस्था उभी राहावी, यात आपल्याला अभिमानच आहे. पण हिशोब मांडा. १,४०० ला घेणाऱ्याचे जवळजवळ दोन तृतीयांश भांडवल गेले. २५७ ला घेऊन साडेआठ वर्षे धीर धरणाऱ्याचे पैसे दुपटीहून कमीच झाले. एवढे तर मुदत ठेवीनेही जवळपास दिले असते, आणि रात्रीची झोप शाबूत राहिली असती ती वेगळीच.

कोणी म्हणेल, यंत्रांचे जाऊ द्या, तंतूच बनवणारी कंपनी घेऊ. मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरला स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचा असा कारखाना आहे; शुद्ध काचेच्या कांडीपासून मैलोन्‌मैल तंतू तेथे ओढला जातो. तिचा शेअर जानेवारी २०१८ मध्ये चारशेच्या आसपास होता, तो मार्च २०२० मध्ये शंभराच्या खाली गेला. मधल्या काळात चीनने तंतूचे कारखाने इतके वाढवले, की २०१९ साली तिकडच्या एका प्रचंड खरेदीत दर जवळजवळ निम्म्यावर आले.  पुरवठा गरजेच्या पुढे धावला. पीक चांगले आले म्हणून शेतकरी श्रीमंत होतोच असे नाही, हे आपल्या भागाला कोणी शिकवावे?

निपाणीकरांना तर याहून जवळचा दाखला आहे. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू-उत्पादक याच महामार्गावर ठाण मांडून बसले होते. त्यांची तंबाखू वाईट होती काय? विडी ओढणारे कमी झाले होते काय? नाही. विकणारे हजारो आणि घेणारे मोजके, हे त्यांच्या दुःखाचे मूळ होते. घेणारा भाव ठरवी, प्रत ठरवी आणि पैसे केव्हा द्यायचे तेही तोच ठरवी. दूरसंचाराच्या जाळ्याचे घेणारे तरी किती? एक सरकारी निगम आणि दोन-तीन खाजगी धनको. त्यांनी खर्चाचा हात आखडला, की बेंगळुरूच्या सुशिक्षित अभियंत्यांच्या कंपनीची अवस्था तंबाखूच्या बोदावर बसून व्यापाऱ्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा फारशी निराळी राहत नाही.

जाळ्याचे सुखदुःख आपल्याच जिल्ह्यात दुसऱ्या रूपानेही पाहता येते. हुक्केरी तालुक्यात १९६९ साली ग्रामीण वीज सहकारी संघ स्थापन झाला; तारेचे जाळे ग्राहकांच्याच मालकीचे, असा तो प्रयोग आजही चालू आहे. तशाच हेतूने नगर जिल्ह्यात निघालेल्या मुळा-प्रवरा संघाचे वीजवितरण मात्र, वीज खरेदीची थकबाकी डोंगराएवढी झाल्यावर, २०११ साली महावितरणकडे गेले. खांब आणि तारा दोन्हीकडे होत्याच. जाळ्याचा जीव खांबात नसतो. वेळेवर वसूल होणाऱ्या पैशात असतो.

म्हणून कोणत्याही जाळे-कंपनीचा शेअर घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पहिला, हिची गिऱ्हाइके किती, आणि त्यांतले एक गेले तर उरते काय? दुसरा, नफातोटा पत्रकात दिसणारा नफा रोकड होऊन घरात येतो काय, की तो 'येणे बाकी' या सदरात नुसता वाढत जातो? तिसरा, आजचे काम संपल्यावर उद्याचे काम हाती आहे काय? आणि चौथा, मी जो भाव देत आहे, त्यात येत्या दहा वर्षांचे सगळे शुभ आधीच मोजून घेतलेले नाही ना? या प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या वार्षिक अहवालात आणि तिमाही निकालांत सापडतात. ते कोणालाही फुकट वाचता येतात. ज्याला ते वाचण्याची सवड नाही, त्याने एका कंपनीवर डाव न लावता अनेक कंपन्यांत विभागलेल्या म्युच्युअल फंडाचा साधा मार्ग धरावा.

आणखी दोन पथ्ये. मुलाच्या शिक्षणाचा, घरच्या लग्नाचा, आजारपणाचा पैसा शेअरमध्ये घालू नये. उसन्या पैशाने तर कधीच घेऊ नये. आणि वायदे व ऑप्शनच्या वाटेला जाऊ नये. २०२४ साली सेबीनेच प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, तीन वर्षांत त्या व्यवहारांतल्या शंभरांपैकी ९३ व्यक्तींनी पैसा गमावला. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. ज्या काचतंतूच्या भरभराटीवर आपण पैसा लावू पाहतो, त्याच तंतूवरून कोणा अनामिकाची 'खात्रीची' शिफारस आपल्या हातातल्या यंत्रावर येते आणि त्याच यंत्रावर एका बोटाने आपण रिकामे होतो, हे ध्यानात ठेवा.

मित्रहो, गावोगाव ब्रॉडबँड आलेच पाहिजे. ते वेळेवर आणि माफक दरात यावे यासाठी नागरिक म्हणून भांडणे हा आपला हक्क आहे, आणि त्या हक्काला एकही शेअर लागत नाही. पण नागरिक म्हणून ज्या कामाचे आपण स्वागत करतो, त्यात भागीदार म्हणून पैसा घालताना स्वागताचा हार बाजूला ठेवून हिशोबाची वही उघडली पाहिजे. विणकर सूत घेताना पीळ तपासतो, शेतकरी बैल घेताना दात पाहतो. आपल्या बापजाद्यांचे हे शहाणपण शेअर घेतानाही सोडू नका, एवढेच माझे सांगणे आहे.