मोटार आणि पाणी

ज्यांनी जुनी फियाट चालवली आहे त्यांना आठवत असेल, सकाळी गाडी काढायची म्हणजे आधी बॉनेट उघडायचे, रेडिएटरचे झाकण फिरवायचे आणि तांब्याभर पाणी आत ओतायचे. देवपूजेइतकाच तो नित्यनेम असे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेली आणि मुंबईतली तिची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. पण तिने एक चांगली सवय लावली होती. पाण्याच्या निमित्ताने मालकाची नजर रोज यंत्रावरून फिरे. पट्टा सैल झाला आहे, कोठे तेल गळते आहे, बॅटरीच्या तारेवर बुरशी चढली आहे, हे घर सोडण्यापूर्वी कळत असे.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि तो तांब्या अडगळीत गेला. आजच्या गाडीत इंजिन थंड ठेवणारे कूलंट बंद यंत्रणेत फिरते. त्याची पातळी बाहेरच्या पांढऱ्या डब्यावरच्या दोन रेघांमध्ये असली की झाले. सोय झाली यात शंका नाही, पण बॉनेट उघडण्याचे कारणच संपले. मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत आपल्या किनाऱ्यावर आज शिक्षकाच्या, वाडीवाल्याच्या, मासळीच्या व्यापाऱ्याच्या दारात लहान मोटार उभी असते. पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली, पुष्कळदा मुंबईहून आणलेली जुनी. तिला आपण पाणी घालायचे सोडले. पण पाण्याने तिला सोडलेले नाही. ते खाऱ्या वाऱ्यातून येते, आभाळातून येते, नदीनाल्यातून येते, आणि जेथे आपले लक्ष नाही नेमके तेथे शिरते.

ते कोठे शिरते याचा धडा मला घोणसे घाटात मिळाला. माणगावकडून म्हसळ्याला उतरत होतो. गाडीत घरची मंडळी, मागे लग्नाचे सामान. उतारावर मी सारखा ब्रेक दाबत होतो. चौथ्या-पाचव्या वळणावर पॅडल मऊ लागू लागले आणि पुढच्या वळणाला पाय थेट खाली गेला, जणू लोण्यात रुतला. दैव बरे म्हणून समोरून एस.टी. येत नव्हती. पॅडल भराभर तीन-चार वेळा मारले, गिअर दुसऱ्यात घातला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटाराला चाक घासत गाडी थांबवली. मंडळी गप्प झाली होती. माझेही हात थरथरत होते, ते कोणी पाहू नये म्हणून मी उगीच बॉनेट उघडून उभा राहिलो.

म्हसळ्यात मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या बाटलीचे झाकण काढून मला दाखवले. मूळचे पिवळसर तेल कोऱ्या चहासारखे झाले होते. “साहेब, हे कधी बदललंय?” त्याने विचारले. गाडी घेऊन मला चार वर्षे झाली होती, सर्व्हिसिंगची बिले नीट फाईल केलेली होती, आणि एकाही बिलावर ब्रेक ऑइल हा शब्द नव्हता. मीही कधी विचारला नव्हता.

यातले शास्त्र सोपे आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. मिठाच्या बरणीचे झाकण पावसाळ्यात उघडे राहिले तर काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे, तसेच काहीसे. आपल्याकडची हवा तर बारमाही दमट. डॉट तीन या जातीचे नवे तेल २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळत नाही. त्यात पाणी मुरले की हा आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. उतारावर सारखा ब्रेक दाबला की चाकांपाशी एवढी उष्णता सहज होते. तेल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून पाय खाली जातो आणि चाक थांबत नाही. उपाय दोनच. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचे, आणि घाट ज्या गिअरमध्ये चढतो साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरते. काही मंडळी पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, कोणी किल्लीही बंद करतात. अहो, इंजिन बंद झाले की ब्रेक दाबायला मिळणारी मदत बंद होते, स्टिअरिंग जड होते आणि किल्ली पुरती फिरली तर ते अडकूनही बसते. एवढ्यासाठी रुपया-दोन रुपयांचे पेट्रोल वाचवायचे?

आता खारा वारा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घराचे खिडकीचे गज कसे पापुद्रे सोडतात ते आपण पाहतो. मोटारही पत्र्याचीच. वरचा रंग चकचकीत असतो म्हणून आपण फसतो, कारण गंज खालून चढतो: चाकांवरच्या कमानीत, दारांच्या खालच्या कडेला, जॅक लावण्याच्या जागी. दाराच्या तळाशी बारीक भोके असतात, ती पाणी निथळण्यासाठी. त्यांत माती बसली की पाणी आतच राहते आणि दार आतून कुजते. काडीने ती भोके मोकळी करावीत. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने गाडी धुवावी आणि धुताना पाइपाचे तोंड वरच्या टपापेक्षा खालच्या पोटाकडे जास्त धरावे. वाडीत रहाट असो की पंप असो, विहिरीचे पाणी मचूळ असेल तर मात्र ते वापरू नये. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर गाडी बंद करून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवावी, कोरडी करावी आणि वर व्हॅसलिनचा हात द्यावा. जुनी गाडी विकत घेताना सीट किती मऊ आहे हे नंतर पाहा. आधी जमिनीवर पोते टाकून आडवे व्हा आणि तिचे पोट पाहा. कपडे मळतील, पण कर्ज वाया जाणार नाही.

पावसाचे पाणी आपल्या परिचयाचे, म्हणून त्याची भीती वाटत नाही. खरे तर पहिली सर सर्वांत वाईट. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले तेल आणि धूळ यांचा त्या सरीने लेप होतो. टायरवरच्या खोबणी कशासाठी असतात? चाकाखालचे पाणी बाजूला सारण्यासाठी. त्या झिजल्या की चाक रस्त्याला टेकतच नाही, पाण्याच्या पातळ थरावरून होडीसारखे सरकते, आणि मग स्टिअरिंग फिरवले काय नि न फिरवले काय, सारखेच. कायद्याने खोबण किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. प्रत्येक टायरच्या खोबणीत लहान उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो बदलायचा, मग पावसाळा तोंडावर असो वा नसो. हवा किती भरायची याचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. ती टायर थंड असताना मोजायची, आणि स्टेपनीचीही मोजायची, बरं का! तिची आठवण आपल्याला फक्त पंक्चर झाल्यावर येते.

वेगाचे गणित शिक्षकांनी फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. समोर म्हैस दिसणे आणि पाय ब्रेकवर जाणे यात एक सेकंद गेला, म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच १७ मीटर संपले. पुढचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते: ४० च्या ठिकाणी ८० केलेत तर ते दुप्पट नव्हे, चौपट. अलिबागहून आक्षी, नागाव, चौल करीत रेवदंड्याला जाणारा रस्ता घ्या. दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांचे गडगे थेट डांबरापर्यंत आलेले, आणि गडग्यातल्या बेड्यातून केव्हा पोर धावत येईल याचा नेम नाही. तेथे १७ मीटर कोठून आणायचे? शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गाड्यांची भर. पाहुण्यांना रस्ता माहीत नसतो हे समजू शकते. आपल्याला माहीत आहे म्हणून आपण जोरात जातो, हे मला अधिक धोक्याचे वाटते.

पाहुण्यांवरून किनारा आठवला. ओहोटीची ओली वाळू डांबरासारखी घट्ट दिसते आणि गाडी घालण्याचा मोह होतो. चालत्या गाडीला ती पेलते, थांबलेल्या गाडीला पेलत नाही. फोटो काढायला उतरले की चाके बसली! मग ॲक्सिलरेटर दाबावा तसे चाक आपलाच खड्डा खोल करते. अशा वेळी टायरमधली निम्मी हवा सोडावी, चाकांपुढची वाळू हातांनी उपसावी, झावळ्या किंवा फळ्या अंथराव्यात आणि हळूच बाहेर यावे, तेही भरती येण्याच्या आत. भरतीचे गणित कोळ्याच्या पोरालाही येते: तिथीची पाऊणपट. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पहाटे एकदा आणि दुपारनंतर एकदा. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती आणि तीही उधाणाची. त्या दिवसांत ओहोटीला पाणी खूप लांब जाते, म्हणून मोहही मोठा, आणि परतताना ते तितकेच लांबून येते. ज्या वाळूवरून ओहोटीला माणसे चालत कुलाबा किल्ल्यात जातात, तिच्यावर काही तासांनी होड्या चालतात. गाडी सुखरूप निघाली तरी खारे पाणी तिच्या पोटात जायचे ते जातेच. सरळ सांगायचे तर मोटार किनाऱ्यावर नेऊच नये. तिकडे पायी जावे.

आता पुराचे पाणी. “एवढंसं तर पाणी, गुडघाभरही नाही,” असे म्हणून आपण मोरीवरून गाडी घालतो. याचा हिशेब करून पाहू. लहान मोटारीचे वजन सुमारे ७५० किलो. चार माणसे आणि सामान धरून १,००० किलो समजा. आर्किमिडीजचा नियम सातवीतला विद्यार्थीही सांगेल: १,००० किलोच्या वस्तूने १,००० लिटर पाणी बाजूला सारले की ती तरंगते. मोटारीची लांबी साडेतीन मीटर, रुंदी दीड मीटर. कोपरे सोडले तर तळ सुमारे पाच चौरस मीटर. हा तळ पाण्यात फक्त २० सेंटिमीटर बुडाला की १,००० लिटर पाणी सरले. तळ जमिनीपासून १६-१७ सेंटिमीटर उंच असतो, ते मिळवा. उत्तर आले ३६-३७ सेंटिमीटर. गुडघ्याच्या खालीच! गाडीत एकटा चालक असेल तर त्याहूनही कमी. दारांतून आत पाणी झिरपते हे खरे, पण त्याला वेळ लागतो, आणि पुरती तरंगण्याच्या कितीतरी आधी चाकांवरचा भार हलका होऊन त्यांची पकड सुटते. वाहत्या पाण्याला मग एक धक्का पुरतो.

शिवाय पाण्याखाली रस्ता आहे हे कोण सांगणार? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुराने नेला. दोन एस.टी. गाड्या आणि एक खासगी गाडी माणसांसह नदीत गेली. त्या चालकांचा दोष नव्हता, काळोखात आणि पावसात पुढे पूल उरलेला नाही हे त्यांना दिसणे शक्य नव्हते. नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला. पण दिवसाउजेडी, समोर रस्त्यावर लाल पाणी खळाळताना दिसत असूनही जो गाडी घालतो, त्याला काय म्हणावे? जुलै २०२१ मध्ये महाड पुन्हा बुडाले तेव्हाही पाणी चढायला फार वेळ लागला नव्हता. समोर पाणी वाहते आहे आणि त्याखालचा डांबराचा कडा दिसत नाही, तर थांबावे. पूर ओसरेपर्यंत शाळेचा तास बुडाला तरी चालेल.

साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यातून जाणे भागच पडले तर पहिल्या गिअरमध्ये, एकाच संथ गतीने, मध्ये न थांबता जावे. बाहेर आल्यावर काही अंतर हळू चालवत ब्रेक हलकेच दाबून कोरडे करून घ्यावेत. मध्येच इंजिन बंद पडले तर पुन्हा किल्ली फिरवू नये. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही आणि आतला दांडा वाकतो. मग खर्च इतका येतो की गाडी ठेवावी की विकावी असा प्रश्न पडतो. ढकलून बाहेर काढावी आणि मेकॅनिकला बोलवावे.

आणि गाडी माणसांसह खोल पाण्यात गेलीच तर दार उघडण्याची झटापट करू नये, बाहेरचे पाणी ते दाबून धरते. पट्टा सोडा, लगेच काच खाली करा, विजेवरच्या काचाही सुरुवातीला बहुधा चालतात. लहान मुलांना आधी बाहेर काढा आणि खिडकीतूनच टपावर या. काच अडकली तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तूने मारावे. समोरची काच दुपदरी असते, ती फुटत नाही. माझ्या गाडीत चालकाच्या सीटखाली एक लहान हातोडी आहे. घोणसे घाटानंतर आठ दिवसांनी आमच्या सौभाग्यवतींनी ती तेथे आणून ठेवली.